दुबार पेरणी : कासवांच्या छावणीवर गेलेल्या एका मुलीचं प्रकरण

१५ मार्च २०२४, रात्रीचे साडेनऊ. श्रीलंकेहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला. "सर, इथं पिल्लं समुद्रात सोडतच नाहीत लवकर. टाक्यात ठेवतात. आज पर्यटकांच्या दोन बसा आल्या, दिवसभर आम्ही पिल्लं त्यांच्या हातावर ठेवत होतो. मी काय करू?"

फोन करणारी मुलगी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली. तालुक्याच्या नावात समुद्र आहे, पण तो प्रत्यक्ष पाहिलेली माणसं तिच्या गावात बोटांवर मोजावी लागतील. वय तेवीस, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. घरी सात एकर कोरडवाहू वावर : पऱ्हाटी (कपाशी), तूर, आणि ओल टिकली त्या वर्षी चणा. आमच्या अभ्यासिकेत ती तीन वर्षं येत होती. समुद्री कासवं राखणाऱ्या परदेशातल्या छावणीवर स्वयंसेवक म्हणून जायची कल्पना तिची, पण चौकशीची जबाबदारी मी घेतली होती. म्हणून हे प्रकरण लिहिताना माझ्याकडून काय राहिलं तेही लिहितो आहे. गावाकडून अशा कामाला जाणारी मुलं हळूहळू वाढत आहेत, आणि त्यांच्या घरचा पैसा कष्टाचा असतो.

आधी वेळास

श्रीलंकेला जायच्या वर्षभर आधी, मार्च २०२३ मध्ये, मी तिला वेळासला जायला सांगितलं होतं. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि नंतर गावकऱ्यांनी ते काम आपलं केलं. किनाऱ्यावर सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पिल्लं वर आली की त्याच सकाळी नाहीतर संध्याकाळी पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात, आणि पुढचा रस्ता पिल्लू आपलं आपण चालतं. बघायला आलेली माणसं दोरीच्या अलीकडे. हात कोणी लावायचा नाही.

तिथं ती चार दिवस राहिली. परतल्यावर तिनं मला सांगितलं ते एवढंच : "सर, पिल्लाला कोणी उचलून पाण्यात टाकत नाही. चालू देतात." त्या वेळी मला ते वाक्य साधंच वाटलं होतं.

वेळासला तिला पिल्लं दिसली, आई दिसली नाही. मादी रात्री येते आणि तासाभरात परत जाते. ती बघायची, तिची नोंद घ्यायला शिकायची, हे तिच्या मनात बसलं. जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत. त्यांतल्या पाच श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालतात, आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर हिरवं कासव मोठ्या संख्येनं येतं. कोस्टारिका, ग्रीस इथल्या छावण्यांची नावं मोठी, पण तिथलं विमानभाडं आणि व्हिसा आमच्या आवाक्याबाहेरचे. सेवाग्रामहून चेन्नईला जाणारी गाडी रोज मिळते आणि चेन्नईहून कोलंबो विमानानं दीड तासावर, म्हणून श्रीलंका ठरली.

घरातलं बोलणं

तिच्या वडिलांशी पहिलं बोलणं झालं ते त्यांच्या धुऱ्यावर. त्यांनी सरळ विचारलं, "सर, लोकं पैसे घेऊन राबाले जाते. हे पोट्टी पैसे देऊन राबाले जाऊन राह्यली. हे कसं?"

प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं की अशा छावण्यांना सरकारी पैसा थोडा मिळतो किंवा मिळतच नाही. स्वयंसेवकाच्या शुल्कातून त्याचं जेवण-राहणं निघतं, आणि रात्री किनारा राखणाऱ्या गावच्या माणसांची मजुरीही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जागल्याचा पगार." हो, तोच.

खर्चाचा हिशेब असा होता. पासपोर्टचे १,५०० रुपये. विमानाचं जाणं-येणं सुमारे २२,०००. छावणीचं चार आठवड्यांचं शुल्क ४८,०००, तेही आगाऊ. बाकी रेल्वे, विमा, वरखर्च. तिनं गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन ३८,००० साठवले होते. आईनं बचत गटातून ३०,००० उचलले. उरलेल्यासाठी वडिलांनी पाच क्विंटल कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, दिला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता, त्यांच्या हातात त्याहून कमी पडले. भाव चढेल म्हणून तो कापूस त्यांनी घरात ठेवला होता. पोरीसाठी तो त्यांनी आधीच विकला. हे मला नंतर तिच्या आईकडून कळलं.

निवड कशी चुकली

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही तीन ठिकाणी लिहिलं. एकाचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्याचं उत्तर चार ओळींचं होतं. फोटो नाही, माहितीपत्रक नाही. त्यात लिहिलं होतं : कासव दिसेलच असं सांगता येत नाही. पिल्लांना आम्ही हात लावत नाही. काळे किंवा गडद कपडे आणा. रात्री सहा तास चालावं लागेल.

तिसरं उत्तर एका मध्यस्थामार्फत आलं, आणि ते फार सुंदर होतं. निळं पाणी, हसणारी मुलं, ओंजळीत पिल्लं. शेवटी प्रमाणपत्र मिळेल, विमानतळावर घ्यायला माणूस येईल, मुलींसाठी वेगळी खोली. एकट्या मुलीला पाठवायचं, तेव्हा मला खोली आणि विमानतळावरचा माणूस या दोन गोष्टी मोठ्या वाटल्या. मी तिसऱ्याकडे बोट दाखवलं आणि तिनं पैसे भरले.

त्या ओंजळीतल्या पिल्लांच्या फोटोनंच मला थांबवायला हवं होतं. वेळासला ती जे पाहून आली होती, त्याच्या नेमकं उलट त्या फोटोत होतं. तिनंही तो पाहिला होता, पण सर बघत आहेत म्हटल्यावर ती बोलली नाही. चौकशी करणाऱ्या मोठ्या माणसानं हे ध्यानात ठेवावं : आपण पसंती दिली की गावाकडची पोरं आपली शंका गिळतात.

एक गोष्ट मात्र बरोबर झाली. निघण्याआधी तिच्याकडून एक कागद तयार करून घेतला होता : पासपोर्टच्या प्रती, कोलंबोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर, परतीचं तिकीट, आणि दहा हजार रुपये वेगळे, ज्यांना शेवटची अडचण येईपर्यंत हात लावायचा नाही. पर्यटक व्हिसावर विनामोबदला काम चालतं का, हेही त्या देशाच्या कार्यालयालाच विचारावं. छावणीवाला "चालतं" म्हणाला म्हणून जाऊ नये.

सहा दिवस

ती १० मार्चला पोचली. कोलंबोहून गालेकडे जाणाऱ्या किनाऱ्यावर, रस्त्याला लागूनच ती जागा होती. पुढे तिकीट-खिडकी, मागे वाळूचं कुंपण, आणि मध्ये फरशी लावलेल्या सात टाक्या.

तिनं पहिल्याच संध्याकाळी पाठवलेला व्हिडिओ माझ्याकडे आहे. गुडघाभर पाण्याची टाकी, आणि त्यात दोनएकशे पिल्लं. सगळी एकाच भिंतीकडे तोंड करून पोहत आहेत. भिंतीला नाक लागतं, तरी पुढचे हात चालूच. मागून दुसरं येतं, त्याच्या पाठीवर चढतं. भिंतीच्या पलीकडे शंभर पावलांवर समुद्र होता. काहींच्या पंखांच्या कडा कुरतडलेल्या होत्या, कारण दाटीत ती एकमेकांनाच चावतात. पाण्यावर माशाच्या चुऱ्याचा तवंग होता. तिचं काम : सकाळी टाक्या घासणे, दुपारी पर्यटकांच्या हातावर पिल्लू ठेवणे, फोटो होईपर्यंत थांबणे, पिल्लू परत टाकीत सोडणे.

यात चूक काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण वरवर पाहिलं तर पिल्लं कावळ्या-कुत्र्यांपासून सुरक्षितच दिसतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा उरलेला असतो. त्या शिदोरीवर ते वाळूतून वर येतं, उजळ क्षितिजाकडे धावतं, आणि पाण्यात शिरलं की साधारण पहिला एक दिवस जवळजवळ न थांबता पोहत राहतं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात मासे आणि पक्षी टपलेले असतात, त्या टापूतून बाहेर पडण्यासाठीच हा जोर असतो. आयुष्यात तो एकदाच येतो. टाकीत ठेवलं की तो भिंतीवर धडका मारण्यात सरतो. तीन-चार दिवसांनी समुद्रात सोडलेलं पिल्लू दमलेलं असतं, आणि वरून टाकलेलं खायची सवय त्याला लागलेली असते.

त्या छावणीच्या मालकाला मी वाईट म्हणणार नाही. तो कोळ्यांकडून अंडी बाजारापेक्षा थोडा जास्त भाव देऊन घेतो. श्रीलंकेत कासव आणि त्याची अंडी या दोन्हींना कायद्यानं संरक्षण आहे, तरी अंडी खाल्ली जातात, विकली जातात. तो घेतो ती अंडी निदान कोणाच्या ताटात जात नाहीत. डिसेंबर २००४ च्या सुनामीत त्या किनाऱ्यावरच्या अशा जागा वाहून गेल्या होत्या, लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. तिकिटाच्या पैशावर दहा घरं चालतात. पण पर्यटक दिवसा येतो आणि पिल्लं रात्री निघतात. दिवसाच्या पर्यटकाला दाखवायला पिल्लू हवं, म्हणून टाकी हवी. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाचं शुल्क आणि श्रम त्या टाकीला लागतात. कासवाच्या वाट्याला त्यातलं काही जात नाही, असं माझं मत झालं आहे.

तिनं तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला विचारलं, पिल्लं त्याच रात्री का सोडत नाही? त्यानं सांगितलं की थोडी मोठी झाली की जास्त जगतात. पाचव्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा तिला सांगण्यात आलं की पटत नसेल तर जाऊ शकतेस, पैसे परत मिळणार नाहीत.

त्या रात्रीचा निर्णय

साडेनऊच्या फोनवर मी तिला लगेच काही सांगितलं नाही. माझ्यापुढे चार वाटा होत्या. थांबून तक्रार करायची : पाहुण्या देशात, पैसे भरलेल्या जागी, तेवीस वर्षांच्या मुलीनं ते एकटीनं करावं असं मला वाटेना. थांबून जमेल तेवढं शिकायचं : यात तिच्या मनाला रोज टोचणी लागली असती. परत यायचं : सगळ्यांत सुरक्षित, आणि खरं सांगतो, मी तेच सुचवणार होतो. चौथी वाट दुसरी जागा शोधण्याची. तिच्यासाठी पैसे लागणार होते आणि ते माझे नव्हते.

मी तिच्या वडिलांना फोनवर जोडून घेतलं. तिनं त्यांना सगळं सांगितलं, टाकीचंही. ४८,००० गेले हे सांगताना तिचा आवाज बसला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले :

"पोरी, बियाणं बोगस निघालं तं आपन काय करतो? तेच उगवीन म्हणून बसून राह्यतो काय? वावर मोडतो अन् दुबार पेरतो. पहिली पेरणी गेली समज. पाऊस आहे तवर दुबार पेर."

आमच्याकडे दुबार पेरणी हा शब्द कोणी सहज काढत नाही. त्यात कर्ज असतं, हातउसनं असतं, बायकोच्या गळ्यातलं गहाण असतं. त्या माणसानं तो शब्द पोरीसाठी वापरला, आणि मला परत बोलावण्याचं बोलता आलं नाही.

तिनं त्याच रात्री त्या चार ओळींच्या उत्तरवाल्यांना लिहिलं. सकाळी उत्तर आलं, तेही दोन ओळींचं : जागा आहे. जेवण-राहण्याचे दिवसाला आपल्या हिशेबानं सुमारे ९०० रुपये, आठवड्याला द्यायचे. १६ मार्चला ती बसनं गाले, मातरा करत दक्षिणेला पोचली. वेगळे ठेवलेले दहा हजार तिथं कामी आले, बाकीचे वडिलांनी तूर विकून पाठवले.

उलटी जागल

नवी जागा म्हणजे नारळीत एक पत्र्याचं घर, चार खाटा, एक वही आणि गावची पाच माणसं. श्रीलंकेत रेकवा इथं १९९० च्या दशकात जी पद्धत सुरू झाली, तीच इथं चालू होती : पूर्वी अंडी काढणाऱ्या गावकऱ्यांनाच पगार देऊन घरटी राखायला लावायची, आणि अंडी शक्यतो जिथं घातली तिथंच ठेवायची. राखणदारांपैकी म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. सिंहलीतही मामा म्हणजे मामाच. कासवाला ते कॅस्बॅवा म्हणतात. तिला पहिल्याच दिवशी दोन शब्द ओळखीचे भेटले.

रात्री आठ ते दोन किनाऱ्यावर चालायचं. बॅटरी लावायची नाही. फारच गरज पडली तर तांबडा मंद उजेड, तोही खाली धरून. मादी पाण्यातून वर येताना तिला पांढरा उजेड किंवा हालचाल दिसली, तर ती अंडी न घालता परत फिरते. छावणीवर आलेल्या दोन परदेशी मुलींना पहिले काही दिवस अंधारात चालणं जड गेलं, त्या दगडांना ठेचकाळत. हिला काही वाटलं नाही. आठवीपासून ती वडिलांसोबत चण्याच्या जागलीवर जात होती. पौषाच्या थंडीत मचाणावर बसून कोणत्या बाजूनं पीक खसखसलं, रोही (नीलगायी) आले की डुकरं, हे कानानं ओळखायचं शिक्षण तिला घरीच मिळालं होतं.

"सर, जागल तीच आहे," तिनं मला लिहिलं, "फक्त उलटी. वावरात आपण डबा वाजवतो, हाका मारतो, बॅटरी मारतो, म्हणजे जनावर पळावं. इथं आवाज नाही, उजेड नाही, म्हणजे जनावर यावं."

पहिली मादी तिला तिसऱ्या रात्री दिसली. आधी दिसला तो माग : ओल्या वाळूवरून वर गेलेला ट्रॅक्टरच्या चाकासारखा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंचे ठसे समोरासमोर. हिरवं कासव दोन्ही पुढचे हात एकदम टाकतं म्हणून तसा. ऑलिव्ह रिडले एक-एक हात आळीपाळीनं टाकते, तिचे ठसे तिरपे पडतात. मामांनी हातानं खूण केली आणि ती पोटावर झोपली. पुढे अंधारात श्वासाचा आवाज. दीर्घ, भात्यासारखा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. फेकलेली वाळू तिच्या तोंडावर येत होती. अर्ध्या तासानं खणणं थांबलं. मामांनी तिला मागच्या बाजूनं सरकवलं.

मादी मागच्या पायांनी अंड्यांसाठी खोल हंडीसारखा खड्डा करते. एक पाय ओंजळ करून वाळू उचलतो, बाजूला ठेवतो, मग दुसरा. तिनं लिहिलं आहे : "आई भाकरीचं पीठ परातीत गोळा करते तसा पाय वळवते." मग अंडी. लिंबापेक्षा मोठी, पांढरी, ओल्या चामड्यासारखी, दोन-दोन, तीन-तीन. पडताना आपटून फुटत नाहीत, किंचित चेपतात. त्या वीसेक मिनिटांत मादीला भोवतालची फारशी शुद्ध नसते, म्हणून मोजमाप तेव्हाच घ्यायचं. हिनं मोजली ती ११२. पाठीवरून टेप धरून लांबी १०४ सेंटिमीटर. मादीच्या डोळ्यांतून धार लागलेली होती. समुद्राचं खारं पाणी पोटात जातं, त्यातलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून असं बाहेर पडतं. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. तरी त्या रात्री ती रडली, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

अशी मादी वयात यायला वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. तिच्या पोटची हजारातली एखाददुसरीच पुढे तिच्याएवढी होते, असं जाणकार मानतात.

बावीस रात्रींपैकी नऊ रात्री काहीच आलं नाही. त्या नऊ रात्रींच्या नोंदीही तिच्या वहीत आहेत : वेळ, चंद्र, वारा, भरती, "नाही". दिवसा झोप, भात, डाळ, खोबऱ्याची चटणी. सकाळी घरट्यांजवळच्या वाळूचं तापमान. समुद्री कासवात नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. किनाऱ्यावरची झाडं तोडली की सावली जाते आणि पुढच्या पिढीचं गणित बिघडतं, हे तिला थर्मामीटर हातात धरून कळलं. वाळूत साबुदाण्यासारखे प्लॅस्टिकचे पांढरे कण सापडायचे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल नावाचं मालवाहू जहाज पेटलं आणि पुढे बुडालं, तेव्हा असे कण टनावारी किनाऱ्याला लागले होते. त्यानंतरच्या आठवड्यांत शंभराहून जास्त मेलेली कासवंही.

या सगळ्यात तिची खरी किंमत कळली ती एका पहाटे. दोन घरटी उकरलेली सापडली, टरफलं पसरलेली. सगळ्यांनी कुत्री म्हटलं, कारण त्या भागात मोकाट कुत्री बरीच. ती गुडघ्यावर बसली. वाळू सरळ ओरबाडलेली नव्हती, नाकानं उलटवलेली होती, नांगराच्या तासासारखी. पुढे दोन खुरांचा ठसा, मागे दोन बारीक टिंबं. तिनं मामांना हातानं सुळे करून दाखवले. रानडुक्कर. मामांना पटलं नाही. दुसऱ्या रात्री ती माग धरून मागच्या केवड्याच्या बनापर्यंत गेली, आणि तिथून निघालेली डुकरीण आणि तिची पिल्लं मामांनीच पाहिली. मग बाकीच्या घरट्यांवर बांबूची जाळी आडवी पुरली, वर हातभर वाळू. नाकानं उलटायला जाईल तिथं जाळी लागावी, अशी. कुत्र्यासाठी लावलेलं उभं कुंपण डुकराला पुरत नाही, हे सांगायला त्या छावणीवर त्या महिन्यात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. ती निघेपर्यंत पुन्हा घरटं फुटलं नाही.

परतल्यावर

७ एप्रिलला ती निघाली. एकूण खर्च एक लाख दोन हजारांच्या आसपास होईल असं आधी धरलं होतं त्याहून जास्त झाला. मध्यस्थानं पैसे परत केलेले नाहीत, तीन पत्रं गेली. बचत गटाचे हप्ते तिनं शिकवण्यांतून फेडले, शेवटचा दिवाळीत. पहिल्या छावणीचं प्रमाणपत्र नाही. दुसरीनं प्रमाणपत्र देत नाहीत असं सांगून तिच्या वहीची झेरॉक्स ठेवून घेतली.

गावात आल्यावर शाळेत भाषण झालं, सत्कार झाला. खरं काम मे महिन्यात सुरू झालं. गावच्या नाल्याचं खोलीकरण निघालं होतं. आमच्या नाल्यांत मऊ पाठीचं गोड्या पाण्यातलं कासव असतं, मागचे पाय आत घेतले की खालून झडपा लागतात असं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते चिखलात गाडून घेऊन पडून राहतं. जेसीबीचा दात त्याच चिखलात जातो. पूर्वी निघालेलं कासव कोणी विहिरीत टाकायचं, कोणी शिजवायचं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा, हे कोणाला माहीतही नव्हतं.

ती रोज सकाळी सहाला जेसीबीच्या पुढे चालायची. हातात कुदळीचा दांडा, चिखलात टोचत. पहिल्या दिवशी ऑपरेटर चिडला, तिसऱ्या दिवशी तोच हॉर्न देऊन थांबायला लागला. तीन आठवड्यांत सात कासवं निघाली. वनरक्षकाला फोन करून, मोजून, पाणी असलेल्या खालच्या डोहात सोडली. नोंद त्याच वहीत, श्रीलंकेच्या पानांच्या पुढे : तारीख, जागा, पाठीची लांबी, जखम. सातव्याच्या पाठीवर दाताचा ओरखडा होता. पुढच्या दिवशी तिचे वडील स्वतः त्या डोहावर बघायला गेले आणि येऊन म्हणाले, "वर आलं होतं श्वास घ्याले."

यंदा शेजारच्या गावचा एक मुलगा अशाच छावणीवर जायचं म्हणतो. आई-वडील शेतमजूर, पैसे काकाकडून. तिनं आणि मी मिळून त्या छावणीला पत्र लिहिलं. जेवणाचं, खोलीचं, विमानतळाचं खाली लिहिलं. वर तिनं एकच प्रश्न घातला : पिल्लू वाळूतून बाहेर आल्यापासून पाण्यात जाईपर्यंत तुमच्याकडे किती वेळ असतं?

उत्तर आलं आहे. त्यात खोलीचे फोटो आहेत, प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिनं तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे, आणि काकांना पैसे थांबवायला सांगितलं आहे.